आखाजीच्या आधीची पेटी

बसा. सगळे बसा. मागे उन्हात उभे आहेत त्यांनी पुढे सरका, सतरंजीवर जागा आहे. बायकांनो, तुम्हीही पुढे या. आज कडेला बसायचं नाही.

लीलावहिनी, माझ्या भावांनो, माझ्या बहिणींनो. मी शोभा. बरेच जण मला ओळखता. लिंबायतमध्येच लूमच्या कारखान्यात बॉबिनवर धागा भरते, सोळा वर्षं भरतेय. माईक पहिल्यांदा हातात धरलाय.  तुम्हाला वाटेल बाई आता रडणार. रडून माझं बारा दिवसांत झालं. आज मला राग आलाय.

सभा सुरू व्हायच्या आधी युनियनच्या कमिटीतल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, शोभाबाई, दोन शब्द बोला, चांगले बोला आणि आवरतं घ्या. बरं. चांगलंच बोलते. पण आवरतं घेणार नाही. उत्तमनाना गेले त्याला आज तेरा दिवस झाले. ते होते तेव्हा दोन वर्षं मी आवरतंच घेतलं होतं. आता ज्याला घाई असेल त्याने उठून जावं. बघू कोण उठतं ते.

हा फोटो बघा. नानांचा चांगला फोटो घरात नव्हता, लीलावहिनींकडेही नवऱ्याचा एक फोटो नाही. आपल्या युनियनच्या ओळखपत्रावरचा छोटा फोटो मोठा करून आणलाय, म्हणून चेहरा असा पुसट आलाय. हजारभर लोकांची ओळखपत्रं ज्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली, त्याचा फोटो त्याच्याच ओळखपत्रावरून काढावा लागला. दोंडाईच्याकडचं गाव त्यांचं. सुरतेला आले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, असं तेच सांगायचे. आयुष्यभर लूमवर उभे राहिले. लूमच्या खडखडाटाने कान गेले, म्हणून समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा म्हातारा असा काय टक लावून बघतोय! आपल्याला माहीत आहे ते काय बघायचे. आपण काय बोलतोय ते एक शब्दही चुकू नये म्हणून बघायचे.

कारखान्यातून सुटले की युनियनच्या ऑफिसात. कोणाचा अर्ज, कोणाच्या पोरीचा शाळेचा दाखला, कोणाच्या गावच्या तलाठ्याला पत्र. सही केली की शाईवर फुंकर मारायला लावायचे. घाई करू नको, वाळू दे, पुसली गेली तर तुझीच सही तुझी नाही म्हणतील. प्लेगच्या साली सगळी सुरत पळाली, आपणही गाड्यांना लटकून गावी गेलो, तेव्हा ऑफिसची किल्ली कोणाकडे होती? नानांकडे. परत आलो तेव्हा ऑफिस झाडलेलं होतं आणि रजिस्टरं जागच्या जागी होती.

आता ज्याच्यासाठी मी उभी आहे ते बोलते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुन्हा ऐका. ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी नीट ऐका.

आपल्या युनियनची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. कधी होते? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात. नेहमी आखाजीच्याच आठवड्यात. आता मला सांगा, आखाजीला लिंबायतमध्ये कोण असतं? पोरी माहेरी जातात, लेकरं मामाच्या गावी जातात, लग्नं असतात, घागर भरायची असते, पितरांना जेवू घालायचं असतं. आपला खान्देशी माणूस दिवाळीला एक वेळ सुरतेत राहील, आखाजीला राहणार नाही. उधना स्टेशनवर भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. अर्धे लूम बंद असतात. आणि नेमकी तेव्हाच आपली निवडणूक. विचारलं की उत्तर ठरलेलं, त्या दिवसांत शाळेचा हॉल मोकळा मिळतो. हॉल मोकळा मिळतो! अहो, माणसंही मोकळी झालेली असतात ना, गावाला गेलेली असतात. मग मतं कोण देतं? जे राहतात ते. राहतं कोण? ज्यांना राहायला सांगितलेलं असतं ते.

अशी किती वर्षं तीच मंडळी निवडून आली. प्रमुखसाहेब तेच, कमिटी तीच. कारखान्याच्या शेठबरोबर चहा पिणारे तेच. आणि आपण गावाहून परत आलो की आपल्याला पेढा.

यात तुमचं माझं काय गेलं? माझं काय गेलं ते सांगते. माझ्या नवऱ्याचा उजवा हात लूमच्या पट्ट्यात गेला. मनगटापासून पुढे काही उरलं नाही. शेठ म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. नऊ वर्षं त्या कारखान्यात जाणारा माणूस! पण हजेरीचं कार्डच नाही. आपल्यातल्या कोणाकडेच नाही. नाना म्हणायचे, युनियनने शेठला एकच गोष्ट मागावी, प्रत्येक कामगाराला हजेरीचं कार्ड. ते असलं की माणूस आहे. नसलं की हात तुटला तरी तो हात कोणाचाच नाही. आणि जी कमिटी हे मागणारच नाही, ती कमिटी बदलायला पाहिजे. त्यासाठी मतं पाहिजेत. आणि मतं तर आखाजीला गेलेली.

तर नानांनी काय केलं? त्यांनी कोणाला गावी जाऊ नका असं सांगितलं नाही. आपल्या माणसाला ते ओळखत होते. त्यांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून ठराव मांडला. जो सभासद मतदानाच्या दिवशी नसणार आहे, त्याने आधीच्या आठ दिवसांत स्वतः ऑफिसात यावं, ओळखपत्र दाखवावं, रजिस्टरात सही करावी, पडद्याआड मत नोंदवावं, पाकिटात घालून पेटीत टाकावं आणि खुशाल गाडीला बसावं. दुसऱ्याच्या हाती मत पाठवायचं नाही, टपालाने नाही. स्वतः यायचं. फक्त आधी यायचं.

प्रमुखसाहेब तेव्हा हसले होते. आठवतंय ना साहेब? तुम्ही म्हणालात, नाना, मत म्हणजे काय लग्नाचा आहेर आहे का, आधी देऊन टाकायला? आणि नाना तुमच्या ओठांकडे बघत म्हणाले, साहेब, ज्याला लग्नाला येता येत नाही तो आहेर आधीच देतो, आणि नवरदेव तो आनंदाने घेतो. सगळी सभा हसली. तुम्हीही हसलात. हसता हसता ठराव पास झाला. तुम्हाला वाटलं, येतील दहा-वीस म्हातारी माणसं.

ते आठ दिवस ज्यांनी बघितले त्यांना विचारा. नानांनी पत्र्याची ट्रंक घेतली, झाकणाला लोहाराकडून फट पाडून आणली, कुलूप लावलं. लीलावहिनींच्या जुन्या लुगड्याचा पडदा केला. दिवसा नाना लूमवर, म्हणून दिवसा पेटीजवळ मी बसायची, आठ दिवस कामाचा खाडा करून, आणि संध्याकाळी ते. आणि लोक आले. गाठोडी घेऊन आले, लेकरं काखेला मारून आले, रिक्षा दारात उभी करून आले. गाडी सुटेल ना हो, लवकर घ्या! म्हातारा बाप पोराला विचारायचा, आता हे कुठे दुमडू? दुसऱ्या दिवशी पलसाण्याच्या डाईंगमधली माणसं टेम्पो करून आली, हातांना रंग तसाच.

पहिल्या दिवशी मी एक गोष्ट केली. आज ती तुमच्यासमोर सांगायला मी इथे आलेय. नानांचं कौतुक करायला माझ्याहून चांगलं बोलणारी माणसं आहेत.

नवी पेटी होती. आपल्यात नवी वस्तू घरात आली की काय करतो? मी हळद-कुंकू कालवलं, पेटीवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. आणि वाटी तिथेच ठेवली. येणारा प्रत्येक माणूस प्रवासाला निघालेला, माहेरी निघालेली लेक, तिला कुंकू न लावता कशी पाठवायची? मी लावत गेले. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, पेटीला लावलं, नमस्कार केला. आणि त्याच बोटांनी मताचा कागद उचलला. काहींनी तर मुद्दाम कागदाच्या कोपऱ्याला बोट लावलं. पहिलंच मत आहे ताई, असू द्या, शुभ असतं. मी म्हटलं, असू द्या.

दोन दिवस असं चाललं. मग नानांनी संध्याकाळी एका पाकिटावरचं लाल बोट बघितलं. माझ्याकडे बघितलं, ओठांकडे नाही, डोळ्यांत बघितलं. वाटी उचलून आत ठेवली आणि बादलीभर पाणी आणून दारात ठेवलं.  तिसऱ्या दिवसापासून सगळी पाकिटं स्वच्छ होती. ऐकलंत ना? तिसऱ्या दिवसापासून सगळी स्वच्छ.

मग मोजणीचा दिवस. तुम्ही सगळे गावी होता. पेटी उचलायला दोन माणसं लागली. तेव्हा प्रमुखसाहेबांचा चेहरा मी बघितलाय, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांना कळलं, ही पेटी उघडली तर आपण गेलो. मोजणीला अधिकारी म्हणून त्यांनी कोणाला बसवलं होतं? स्वतःच्या साडूभाऊंना. साडूभाऊ, तुम्हीही पुढेच बसलायत, पांढरी टोपी घालून.

साडूभाऊंनी पहिलं पाकीट उघडलं. कागदावर लाल बोट. म्हणाले, ही खूण आहे. गुप्त मतदानात खूण चालत नाही. बाद. दुसरं, बाद. तिसरं, बाद. मग नाना म्हणाले, साहेब, पेटीची पूजा झाली होती, सगळ्यांच्या बोटांना तेच कुंकू होतं. सगळ्यांची खूण एकच असेल तर तुम्ही त्यातून ओळखणार कोणाला? 

आहे उत्तर? दोन वर्षं झाली, मी वाट बघतेय. आज तरी द्या. कोणाला ओळखणार होता?

 तेव्हा साडूभाऊ काय म्हणाले, नियम तो नियम, सबंध पेटी बाटली आहे. सबंध पेटी! जी पाकिटं स्वच्छ होती तीही. जी उघडलीसुद्धा नव्हती तीही. चारशेवर माणसं गाडी चुकेल म्हणून धावत धावत येऊन मत देऊन गेली होती, ती सगळी एका शब्दात बाद. ट्रंक पालथी केली, पाकिटं पोत्यात भरली आणि पोतं बाहेर रस्त्यावर.

मग विचारलं, कुंकू कोणी ठेवलं?

बहिणींनो, मी तिथे होते. नानांच्या मागे, हाताच्या अंतरावर. कुंकू मी ठेवलं होतं. आणि नाना म्हणाले, मी.

मी गप्प राहिले.

का गप्प राहिले? माझ्या नवऱ्यासाठी युनियनच्या प्रमुखाचं एक पत्र पाहिजे होतं, हा माणूस अमुक कारखान्यात कामाला होता, एवढ्या एका ओळीचं पत्र. ते प्रमुखसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. मी तोंड उघडलं तर ती सही होणार नाही, हे मला कळत होतं. नानांनाही कळत होतं. म्हणून ते माझ्याआधी बोलले. साहेब, ते पत्र अजून तुमच्या टेबलावर आहे की फेकलंत? दोन वर्षं मी तुमच्या दारात चपला झिजवल्या. मी माझी जीभ तुमच्याकडे गहाण ठेवली आणि तुम्ही ती तशीच ठेवून घेतलीत.

नानांकडून ऑफिसची किल्ली काढून घेतली. बोर्डावर लिहिलं, मतं बाटवणाऱ्या सभासदाला ऑफिसात मनाई. गावाहून लोक परत आले आणि त्यांना काय सांगितलं गेलं? तुमच्या नानाने तुमची मतं घालवली. विकला गेला तो. आणि तुम्ही मानलंत! हो, तुम्हालाही बोलतेय. आता माना खाली घालू नका. ज्यांची ओळखपत्रं त्याने लिहिली त्यांनी त्याला पाहून रस्ता बदलला. एक जण तर भर बाजारात त्याच्या अंगावर थुंकला. नाना ओठ वाचायचे हे विसरू नका. तुम्ही लांब उभे राहून जे पुटपुटत होता ते कानांवर पडत नसलं तरी त्यांना सगळं कळत होतं.

मला सगळ्यात जास्त राग कोणाचा येतो? आधी माझा. मग त्यांचा. मग तुमचा. माझा हिशेब मी आज तुमच्यासमोर चुकता करतेय. कुंकू मी ठेवलं होतं. उत्तमनानांनी नाही. सगळ्या लिंबायतने ऐकावं, मी ठेवलं होतं. ज्याला थुंकायचंय त्याने इथे येऊन माझ्यावर थुंकावं.

कोणी येत नाही? बरं. मग पुढे ऐका.

दिवाळीनंतर नाना खाटेला खिळले. छाती भरून यायची, दोन पावलं चालले की बसायचे. मी जायची. एक दिवस त्यांचे पाय धरले आणि रडायला लागले. म्हटलं, नाना, मला माफ करा, तुमचं नाव माझ्यापायी गेलं. तर अहिराणीत खेकसले माझ्यावर, "रडीसन मत मियस का, शोभा? बठ आठे. लिख." रडून मत मिळतं का? बस इथे. लिही.

आणि मी लिहायला बसले. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फाडून पाठीमागे लिहीत होते. थंडीभर लिहीत होते. मला वाटलं होतं, ते काही शेवटचं सांगतील, वहिनींना सांभाळ, पोरांना शिकव असं काही. ते काय सांगत होते? पाकीट एक नको, दोन पाहिजेत. आतल्या पाकिटावर काहीच नाही, कोरं. बाहेरच्यावर नाव आणि सही. मोजणीच्या दिवशी आधी बाहेरची सही रजिस्टरशी जुळवायची, काही हरकत असेल तर तेव्हाच घ्यायची, आतलं उघडायच्या आधी. हरकत घेणाऱ्याने कारण लिहायचं आणि खाली स्वतःची सही करायची. मग आतली कोरी पाकिटं एकत्र मिसळायची आणि मगच उघडायची. एक कागद खराब निघाला तर तो एकच बाद. त्याच्यामुळे दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतलं.

मी विचारलं, आणि खूण? म्हणाले, पेनं ठेवायचीच नाहीत. पडद्याआड दोरीने बांधलेला एक रबरी शिक्का, सगळ्यांना तोच. दारात बादली आणि टॉवेल. हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. मग जरा हसले, म्हणाले, आणि शोभाला कुंकवाची वाटी घरी ठेवायला सांगायची, हेही लिही. मी रडत रडत लिहिलं. ते पान माझ्याकडे आहे.

पेटीला दोन कुलपं. एक किल्ली कमिटीकडे, एक विरोधातल्या उमेदवाराकडे. रोज संध्याकाळी फटीवर कागद चिकटवून दोघांच्या सह्या, आणि त्या दिवशी किती पाकिटं पडली तो आकडा बाहेरच्या फळ्यावर खडूने. म्हणजे नंतर कोणी एक पाकीट घातलं किंवा काढलं तरी रस्त्यावरच्या पोराला कळेल. एक दिवस पेटी पलसाण्याला न्यायची, एक दिवस कोसाडच्या वस्तीत, तिथल्या लोकांनी कामावरून इकडे कसं यायचं? जिथे माणूस आहे तिथे पेटी.

मी एकदा म्हटलं, नाना, एवढं कशाला? तुम्हाला त्या लोकांनी असं केलं, तुम्हाला राग येत नाही? तुम्हाला वाटत असेल, नाना म्हणाले असतील, जाऊ दे, माफ केलं. नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी गोड बोलणं घालणार नाही. नाना उठून बसले. खोकला आवरला. म्हणाले, राग येतो म्हणूनच तर लिहून घेतोय. मला त्यांना हरलेलं बघायचंय. पण असं हरवायचं की पुन्हा मोजा म्हणायलासुद्धा तोंड उरू नये. मोजणी त्यांच्या साडूनेच करावी, त्याच्याच तोंडून आकडा यावा. आणि तो आकडा वाचताना मला त्याचे ओठ बघायचेत.

ते बघायचं राहून गेलं. दुपारी जेवायला बसले होते, लीलावहिनी पाणी आणायला उठल्या, परत आल्या तेव्हा नाना भिंतीला टेकलेले. झालं. भाकरी ताटात तशीच.

आणि त्याच संध्याकाळी, नानांच्या दारात मांडव असताना, कमिटीची बैठक झाली. माहीत आहे तुम्हाला? त्या बैठकीत ठरलं, गेल्या वेळी गोंधळ झाला होता, सबब यंदापासून आधी मतदानाची सोय बंद. आखाजीला दीड महिना उरलाय. निवडणूक आखाजीच्याच आठवड्यात. शाळेचा हॉल मोकळा मिळतो.

नाना गेले म्हणून त्यांना वाटलं, आता कोण विचारतंय.

आपल्या युनियनची घटना तुमच्यापैकी कोणी वाचली नसेल. नानांनी वाचली होती. त्यात लिहिलंय, सभासदांनी ठरलेल्या संख्येने लेखी मागणी केली, तर सर्वसाधारण सभेचा ठराव कमिटीला रद्द करता येत नाही. सह्या पाहिजेत. एवढ्या सह्या कुठून आणायच्या? दारोदार गेलं असतं तर शेठच्या माणसांना दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

पण आपल्यात कोणी गेलं की लोक दारावर बसायला येतात. बारा दिवस येतात. येणाऱ्याला कोणी विचारत नाही, तू का आलास. दुसऱ्याच दिवशी लीलावहिनींनी मला हाक मारली. समोर रजिस्टर आणि पेन ठेवलं. त्या माउलीने बारा दिवस डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगितलं, "जेस्ले खरंच दुख व्हयनं, त्यास्नी आठे सही करा." ज्यांना खरंच दुःख झालंय त्यांनी इथे सही करा. पलसाण्याहून आले त्यांनी केली, कोसाडहून आले त्यांनी केली. जो बाजारात नानांवर थुंकला होता तोही आला, उंबऱ्यावर डोकं आपटायला लागला. वहिनी म्हणाल्या, आधी सही कर, मग रड. त्याने सही केली आणि स्वतःहूनच शाईवर फुंकर मारली.

म्हणून तुमच्यापैकी अनेकांना आज कळतंय की तुम्ही कशावर सही केली. काळजी करू नका, वरती सगळं लिहिलेलं होतं. वाचायचं राहिलं असेल तर ते दुःखामुळे.

हा तो कागद. लागतात त्याहून कितीतरी जास्त सह्या आहेत. प्रमुखसाहेब, तुम्ही नानांसाठी मोठा हार आणलाय, गुलाबाचा. तो जरा बाजूला ठेवा. हात मोकळे करा आणि हे घ्या. घ्या, साहेब. आणि या दुसऱ्या प्रतीवर पोच द्या, तारीख घालून. पेन मी आणलंय.

सगळे बघतायत, साहेब.

नाही, ऑफिसात नाही. ऑफिसात आम्ही दोन वर्षं येऊन पाहिलं. इथेच. नानांच्या फोटोसमोर. लीलावहिनी इथे आहेत, त्यांना बघू द्या.

साडूभाऊ, तुम्ही कानात काय सांगताय त्यांच्या? मला ऐकू येत नाही, पण आजकाल मीही ओठांकडे बघायला शिकलेय. अंगाशी येईल म्हणताय ना? येऊ द्या की.

हं. केली. बघा रे, सही केली. तारीख? तारीख पण घाला. घातली.

वहिनी, ही पोच तुमच्याकडे ठेवा. कोणाला देऊ नका, मलासुद्धा.

भावांनो, आखाजीला गावी जा. खुशाल जा, पोरींना माहेरी न्या, घागर भरा. पण गाडीला बसायच्या आधी पेटीकडे या. हात धुऊन या. लेकरांना घेऊन या, सासूला घेऊन या, रिक्षावाल्याला पाच मिनिटं थांब म्हणा. मला नानांसाठी हळहळ नको, फुलं नकोत. मला यांच्या तोंडून तो आकडा वाचून घ्यायचाय. त्यांच्याच तोंडून, एक एक अक्षर. तोवर मी स्वस्थ बसणार नाही आणि त्यांनाही बसू देणार नाही.

आता आपण नानांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही.

साहेब, तुम्ही नका उठू. साडूभाऊ, तुम्हीही नका उठू, कमिटीतले कोणीच नका उठू. त्या मोजणीच्या दिवशी तुम्ही खुर्च्यांवर बसून होता आणि त्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभर उभं ठेवलंत. आज तुम्ही बसा. बसल्या जागेवरून मान वर करून बघा, आम्ही किती आहोत ते.

उठा सगळे.